घाशीराम, नाना आणि भिंत

बसवनगुडीत राहणाऱ्या आम्हां काही मराठी कुटुंबांचा वाचनाचा एक लहानसा परिपाठ आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणा एकाच्या घरी जमावयाचे, एखादे मराठी नाटक वा कथा मोठ्याने वाचावयाची आणि मग तिच्यावर मनसोक्त बोलावयाचे, एवढेच त्याचे स्वरूप. मंडळी बहुतेक केंद्र सरकारच्या नोकरीतली. कुणी लेखापरीक्षणात, कुणी टपाल खात्यात, कुणी आयकरात. बदलीचा हुकूम निघाला की एक घर कमी होते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गावाहून एखादे नवे येऊन मिळते. एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेचे मतदान दोन आठवड्यांच्या आत आले असताना, विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ वाचावयाचे ठरले. वाचन संपले तेव्हा आमच्यातील एक ज्येष्ठ सभासद खिन्नपणे म्हणाले, “नाटक पन्नास वर्षांपूर्वीचे. पण आता घाशीराम निवडूनच येणार आहे!”

ते कुणाविषयी बोलत होते हे त्यांनी सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही. १९६४ च्या आचरण नियमांतील पाचवा नियम आपल्यापैकी प्रत्येकास पाठ आहे. मत द्यावे, पण ते कुणास दिले वा देणार याचा सुगावाही लागू देऊ नये, असे तो सांगतो. तेव्हा माझे मतही या लेखात शोधू नये. प्रस्तुत लेखाचा विषय आहे ते वाक्य. लोकभावनेवर स्वार होऊन येणारा, परक्याकडे बोट दाखवून आपली माणसे गोळा करणारा एखादा उजव्या वळणाचा पक्ष उद्या निवडून येईल, ही धास्ती आज सुशिक्षित मराठी घरांतून सर्रास ऐकू येते, आणि ती बोलून दाखवावयाची झाली की ‘घाशीराम’चे नाव हटकून निघते. ही धास्ती खोटी आहे असे मला म्हणावयाचे नाही. परंतु हे नाटक तिची साक्ष म्हणून पुढे करताना आपण ते नीट वाचतो का, याविषयी मला शंका आहे.

नाटक कोणत्या हवेत जन्मास आले ते प्रथम आठवू. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मुंबई मिळाली, पण तिच्या लोकवस्तीत मराठी माणूस निम्म्याहून कमी होता, आणि कचेऱ्यांतील व कंपन्यांतील बऱ्या जागा आपल्या वाट्यास येत नाहीत ही त्याची तक्रार होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाळ ठाकरे यांचे ‘मार्मिक’ निघाले. त्यात ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येऊ लागल्या. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. १९६७ च्या निवडणुकीत ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिलेल्या व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध सेनेने काँग्रेसच्या स. गो. बर्वे यांच्यामागे आपले बळ लावले आणि मेनन पडले. पुढील वर्षी मुंबई महानगरपालिकेच्या १४० जागांपैकी ४२ जागा सेनेने जिंकल्या. फेब्रुवारी १९६९ मध्ये सीमाप्रश्नावरून मुंबईत दंगल उसळली आणि तीत अनेकांचे प्राण गेले. कम्युनिस्टांच्या कामगार संघटनांना परस्पर शह बसतो म्हणून मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचे सरकार सेनेकडे काणाडोळा करते, असा आरोप त्या काळी होत असे, आणि त्यावरून सेनेला ‘वसंतसेना’ असे उपहासाचे नावही पडले होते.

या पार्श्वभूमीवर १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने हे नाटक रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे. मोहन आगाशे यांनी नाना फडणवीस उभा केला आणि रमेश टिळेकर यांनी घाशीराम. नानांची व पुण्याच्या ब्राह्मणांची बदनामी झाली असा गदारोळ उठला आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबविले. तेव्हा त्या तरुण मंडळींनी बाहेर पडून थिएटर अकॅडमी ही नवी संस्था काढली आणि १९७४ पासून प्रयोग पुन्हा सुरू केले. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, विशिष्ट समाजस्थिती असे घाशीराम आणि असे नाना जन्मास घालीत असते, असा खुलासा तेंडुलकरांनी केला होता. या खुलाशातील ‘आणि नाना’ एवढे शब्द आपण सोयिस्करपणे गाळतो. नाटकाचे रूपक उलगडताना घाशीराम म्हणजे अमुक पुढारी एवढे म्हटले की आपले समाधान होते.

आता नाटकाकडेच वळू. घाशीराम हा कनोजचा ब्राह्मण, पोटासाठी पुण्यात आलेला. बावनखणीत गुलाबीच्या पदरी राबतो. दक्षिणेच्या रमण्यात त्याच्यावर चोरीचा आळ येतो. मार बसतो, कोठडी मिळते, आणि शहराबाहेर हाकलले जाताना तो पुण्यावर सूड उगविण्याची प्रतिज्ञा करतो. हा अपमान खरा आहे हे ध्यानात ठेवावयास हवे. तेंडुलकरांनी आपल्या खलपुरुषास खोटे गाऱ्हाणे दिलेले नाही. मग तो आपली मुलगी गौरी नानांच्या वासनेपुढे ठेवतो आणि तिच्या मोबदल्यात कोतवाली मागून घेतो. कोतवाल झाल्यावर रात्री घराबाहेर पडावयास परवाना, अमक्यास परवाना, तमक्यास परवाना. संशयिताच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा. शहर थरथर कापते.

परंतु नाटकाचा कणा या अत्याचारांच्या मालिकेत नाही. नेमणूक झाल्यावर नाना एकटाच जे मनाशी बोलतो, त्यात तो आहे. घाशीराम परका आहे, गावात त्याचे कुणी नाही. म्हणूनच तो उपयोगी, म्हणूनच तो हाताबाहेर जाणार नाही. जे बरेवाईट आपण करू ते त्याच्या खाती जमा होईल, असा नानाचा हिशेब आहे. आपण कारकून मंडळी खातेवहीत वावरणारी. हा हिशेब आपल्याला चटकन कळावा. खर्च एकाने करावा आणि दुसऱ्याच्या नावे टाकावा, इतकी ही साधी युक्ती आहे. आणि शेवटी हिशेब अंगाशी येऊ लागतो तेव्हा नाना घाशीरामच्या मरणाच्या हुकमावर सही करून मोकळा होतो. जमाव त्याला ठेचतो. मग नाना येऊन जाहीर करतो की शहरावरचे अरिष्ट टळले, आणि उत्सवाची आज्ञा देतो. खाते बंद होते. खातेदार जातो, पेढीचा मालक तेथेच राहतो.

आमच्या सभासदाच्या वाक्यात नेमका हा नाना नव्हता. घाशीराम येणार एवढेच त्यांना दिसत होते. त्याला कोतवालीची वस्त्रे कोण देत आहे, कुणाचा कोणता खर्च त्याच्या नावावर पडत आहे, हा प्रश्न नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत विचारीत असते, आणि त्या संध्याकाळी आम्ही तो एकदाही विचारला नाही. घाशीराम पडला म्हणजे भय संपले, असे मानणारा प्रेक्षक नानाच्या शेवटच्या भाषणास टाळ्या देणाऱ्या जमावातलाच एक होतो.

आणि येथे त्या जमावाचे, म्हणजेच ‘भिंती’चे बोलावयास हवे. या नाटकाने मराठी रंगभूमीस जे दिले त्यांत ही माणसांची भिंत सर्वांत मोलाची, असे माझे मत आहे. ओळीने उभे राहिलेले ब्राह्मण गातात, नाचतात, प्रसंगाचे निवेदन करतात, पाठ फिरवून पडदा होतात आणि तोंड फिरवून पुणे शहर होतात. प्रारंभीच सूत्रधार एकेकास अडवून कोठे निघालात म्हणून विचारतो, तेव्हा ते देवाधर्माचे नाव घेतात आणि बावनखणीची वाट धरतात. कीर्तनाची चाल लावणीत आणि लावणीची चाल कीर्तनात अशी बेमालूम मिसळते की पाहणाऱ्यास आपण कशाला मान डोलावीत आहो हेच कळेनासे होते. ही केवळ रंगतंत्राची करामत नव्हे. नानाचे चाळे या भिंतीच्या आड चालतात आणि भिंत ते झाकते. झाकणारे आणि सोसणारे एकच आहेत, हा या रचनेचा अर्थ आहे.

ही भिंत हलते केव्हा? गौरी नाहीशी होते तेव्हा हलत नाही. घाशीरामच्या बागेतील फळे तोडली म्हणून बाहेरगावच्या ब्राह्मणांना कोठडीत कोंडतात आणि त्यांतले बरेच जण गुदमरून मरतात, तेव्हा मात्र भिंतीचा जमाव होतो. आपल्यावर केव्हा येईल याचा नेम उरला नाही, हे तोवर भिंतीच्या ध्यानात आलेले असते. इतिहासात १७९१ मध्ये पुण्याच्या कोठडीत मेलेले ते ब्राह्मण तेलंगी होते. दक्षिणेतून दक्षिणेच्या आशेने पुण्यास आलेले, भाषेने परके. मोरोबा कान्होबांनी १८६३ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ याच नावाचे पुस्तक लिहिले होते, इतकी ही कथा मराठी मनात जुनी आहे. परंतु आपण ती नेहमी मारणाऱ्याच्या नावाने सांगत आलो. कोंडलेल्यांची नावे कुणाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आली नाहीत.

बसवनगुडीत बसून हे वाचताना माझे लक्ष त्या तेलंगी ब्राह्मणांवर खिळून राहते याचे कारण उघड आहे. येथे परका मी आहे. आमच्या घराचे मालक ऐंशी ओलांडलेले, कन्नड भाषिक गृहस्थ आहेत. ते माझ्याशी मराठीत बोलतात, आणि तेही माटुंग्याच्या वळणाच्या मराठीत. १९६७ साली ते मुंबईत एका कचेरीत टंकलेखक होते. त्या संध्याकाळच्या चर्चेची हकीकत मी त्यांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, “मला कुणी मारले नाही हो. कुणी शिवीसुद्धा दिली नाही. पण त्या यादीत पुढच्या आठवड्यात आपल्या कचेरीचे नाव येते का ते पाहायला मी ‘मार्मिक’ विकत घेत असे. आणि आमच्या जिन्यात रोज दोन मिनिटे थांबून बोलणारी माणसे घड्याळाकडे पाहून खाली उतरू लागली.” १९६९ मध्ये ते बंगळूरास परतले.

एवढ्यावर थांबते तर ती आम्हां मराठी माणसांना चिमटा घेणारी एक गोष्ट झाली असती. परंतु थोड्या वेळाने ते आपण होऊन म्हणाले, “एक्याण्णव सालच्या डिसेंबरात इथे कावेरीवरून तमिळांची घरे-दुकाने फोडली. आमच्या मागच्या गल्लीत एक तमिळ कुटुंब होते. तेव्हा मी काय केले? खिडकी लावून घेतली.” मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते. तेंडुलकरांच्या भिंतीतला एक माणूस माझ्यासमोर आरामखुर्चीत बसला होता, आणि आपण भिंतीत उभे होतो हे कबूल करण्याइतका तो मोठा होता.

येथवर नाटकाची थोरवी सांगितली. आता त्याची उणीव सांगणे प्राप्त आहे. ‘घाशीराम’मध्ये मतदार नाही. काळ पेशवाईचा असल्याने तो असणार नाही हे खरे. परंतु ज्या वर्तमानावर नाटक बोट ठेवते, त्यात तो केंद्रस्थानी होता. नानाने वस्त्रे दिली म्हणून घाशीराम कोतवाल झाला, या रूपकाने ‘वसंतसेना’ या शब्दाचा उलगडा होतो. १९६८ च्या त्या ४२ जागांचा होत नाही. काणाडोळ्याने पक्ष वाढू शकेल, पण मतपेटी भरत नाही. तीत कुणीतरी स्वतःच्या हाताने मत टाकावे लागते. पुढे १९८५ मध्ये मुंबई महानगरपालिका आणि १९९५ मध्ये भारतीय जनता पक्षासमवेत राज्य सेनेच्या हाती आले, ते मतांनीच आले. घाशीरामला गाव नाही, नातलग नाहीत, मागे चालणारी माणसे नाहीत. लोकांच्या बळावर वर येणाऱ्या पुढाऱ्यास मात्र हे सारे असते, नव्हे, तेच त्याचे भांडवल असते. तेंडुलकरांनी निर्माता दाखविला, मूक साक्षीदार दाखविला; उत्साहाने पाठीशी उभा राहणारा साधा माणूस त्यांनी दाखविला नाही. त्यामुळे या नाटकाच्या आधारे बोलणारा सुशिक्षित प्रेक्षक त्या माणसाविषयी एक तर गप्प राहतो, नाही तर त्याला अडाणी म्हणून मोकळा होतो. आमच्या वाचनमंडळात त्या दिवशी हेच झाले. “या लोकांना मत कशाला दिले आहे?” असे कुणीसे म्हणाले, आणि चहाचे पेले गोळा होईपर्यंत त्यावर कुणी आक्षेप घेतला नाही. मीही घेतला नाही.

तो घ्यावयास हवा होता, कारण ‘या लोकां’पैकी एकास मी ओळखत होतो. माझे आजोबा परळला राहत. टपाल खात्यात वर्गीकरणाच्या कामावर होते. १९६८ च्या निवडणुकीत त्यांनी सेनेस मत दिले, आणि हे त्यांनी घरात कधी लपविले नाही. त्यांचा धाकटा भाऊ मॅट्रिक होऊन तीन वर्षे अर्ज करीत होता. शाखेवरच्या मुलांनी त्याला एका कारखान्यात चिकटवून दिले. आजोबांच्या सोबत टपाल वर्गीकरणास बसणारे दोघे तमिळ होते. त्यांच्याविषयी आजोबांच्या तोंडून मी कधी वाईट शब्द ऐकला नाही. एकाच्या मुलीच्या लग्नास ते आजीला घेऊन गेले होते. मत देताना त्यांना ते दोघे आठवले होते का, हे मी त्यांना कधी विचारले नाही, आणि आता विचारता येणार नाही. भावाची नोकरी त्यांना डोळ्यांसमोर दिसत होती. यादीतली नावे ही त्यांच्या लेखी कुणा दूरच्या साहेबांची नावे होती. ज्यांच्याशेजारी बसून आपण दिवसभर पत्रे लावतो त्यांचे नाव उद्या तशाच यादीत येऊ शकते, हा दुवा त्यांच्या मनात जुळला नसावा. तो जुळवून दाखविणे हे वाङ्मयाचे काम होते. ज्या भाषेने ‘घाशीराम’ दिले, तिने माझ्या आजोबांवर तितक्या तोलाचे नाटक लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही.

मतदाराची भीती बाळगणे आणि मतदारास शहाणे करू पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याची आठवण देणारी एक वास्तू माझ्या रोजच्या वाटेवर आहे. बुल टेम्पल रस्त्यावरील गोखले सार्वजनिक विचारसंस्था कन्नडचे थोर लेखक डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ मध्ये स्थापन केली आणि तिला आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे नाव दिले. सामान्य नागरिकास सार्वजनिक प्रश्नांचा विचार करण्याची सवय लागावी, हा त्यामागील हेतू. देशात सार्वत्रिक मताधिकार येण्यापूर्वी काही वर्षे एका कन्नड माणसास ही निकड वाटली आणि तिच्यासाठी त्याला एका मराठी माणसाचे नाव घ्यावेसे वाटले. आपण परप्रांतीय मराठी माणसे त्या पाटीकडे अभिमानाने पाहतो. आत जाऊन बसतो क्वचित.

२६ एप्रिल २०२४, शुक्रवार. मला निवडणुकीच्या कामावर नेमले होते, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका शाळेत, पहिला मतदान अधिकारी म्हणून. पहिल्या अधिकाऱ्याचे काम मतदाराचे नाव यादीत शोधून मोठ्याने वाचण्याचे. पक्षांचे प्रतिनिधी आपल्या प्रतीवर खूण करतात, दुसरा अधिकारी म्हैसूरच्या कारखान्यातील शाई बोटास लावतो, तिसरा यंत्र मोकळे करतो. यादी कन्नडमध्ये. येथे आल्यापासून मी ती लिपी शिकलो आहे, तरी सकाळी पहिल्या तासात अडखळलो, आणि रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने माझा उच्चार हसत दुरुस्त केला. दिवसभर मी नावे वाचीत होतो: कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्यांची, दुपारी एक भोसलेही आले, ज्यांना मराठी जेमतेम येत होते. त्या नावांपुढे उभी राहिलेली माणसे कुणास मत देत होती ते मला ठाऊक नाही. घाशीरामला देत असतील. त्याच्या भीतीने दुसऱ्या कुणास देत असतील. बंगळूर दक्षिण मतदारसंघात त्या दिवशी जवळजवळ निम्मे मतदार आलेच नाहीत. निवडणुकीची चिंता ज्या दिवाणखान्यांतून सर्वांत अधिक ऐकू येते, त्यांतलेही काही त्यांत असणार.

संध्याकाळी यंत्रावर मोहोर लावताना मला घरमालकांची ती यादी आठवली. तीतही नावे होती, तीही कुणी मोठ्याने वाचली होती. एका यादीत नाव निघाले की माणसाने घाबरावे आणि दुसरीत निघाले की त्याने पुढे होऊन बोट करावे, हा फरक शाबूत ठेवण्याचे काम कोतवाल कोण होतो यावर थोडेबहुत अवलंबून आहे. त्याहून अधिक ते भिंतीत उभ्या असलेल्यांवर आहे, आणि भिंतीत मी आहे. पुढच्या रविवारी ते वाक्य पुन्हा कुणी बोलले तर चहाचे पेले गोळा होण्याआधी मी काही तरी बोलणार आहे.